लेबलवर ‘घरगुती’ नाही, म्हणून घेतलेलं कोकम

दुकानात बाटली हातात घेतली की आधी ती फिरवून मागची बाजू वाचायची, ही माझी जुनी खोड. नवरा म्हणतो, “अगं, पिण्याची वस्तू आहे, परीक्षेचा पेपर नाही.” पण लोअर परळच्या एका छापखान्यात ३१ वर्षं लेबलांची प्रुफं वाचल्यावर माणसाचं काहीतरी कायमचं बिघडतं. लोणची, मसाले, अगरबत्त्या, खोकल्याची औषधं आणि दर वर्षी जानेवारी सरता सरता सरबतं. मुंबईत अजून पहाटे शाल लागत असायची, आणि आमच्या टेबलावर कैऱ्या आणि बर्फाचे खडे पसरलेले असायचे. कोकमाचा रंग छापायचा तर शंभर टक्के मॅजेंटा, त्यात पिवळा आणि काळ्याचा एक थेंब. काळा जरा जास्त झाला की सरबत काकवीसारखं दिसायचं आणि गिऱ्हाईक प्लेट परत करायला लावायचं.

तर हे परीक्षण आहे दादर पश्चिमेच्या एका छोट्या दुकानातल्या चार सरबतांचं. प्लाझाकडून आत वळल्यावर एक गल्ली, गल्लीत एक रद्दीवाला, त्याच्या शेजारी तीन माणसं उभी राहिली की चौथ्याला रस्त्यावर थांबावं लागेल एवढं दुकान. नाव लिहीत नाही. मालकीणबाईंनीच नको म्हटलं. मागे कुणीतरी मोबाइलवर कौतुक लिहिलं, तर आठवड्यात पन्ह्याचा साठा संपला आणि रोजची गिऱ्हाइकं रागावून गेली. दादरकरांना दुकान सापडेलच, बाकीच्यांनी रद्दीवाल्याला विचारावं.

मी तिथे पहिल्यांदा गेले ते चैत्रातल्या हळदीकुंकवासाठी. आमच्या इमारतीत दर वर्षी चाळीसेक बायका येतात. पूर्वी पन्हं घरी व्हायचं. चार किलो कैऱ्या उकडायच्या, गर काढायचा, गूळ की साखर यावर सासूबाईंशी वाद घालायचा. आता सासूबाई नाहीत, माझे गुडघे नाहीत आणि सून रात्री नऊला घरी येते. आंबेडाळ घरची करायची आणि पन्हं विकतचं आणायचं, असा तह झाला.

दुकानाच्या पाटीवर ठळक अक्षरात ‘घरगुती सरबते’ लिहिलंय. बाटलीवर मात्र तो शब्द कुठेच नाही. मी पुढून पाहिलं, मागून पाहिलं, झाकणावर पाहिलं. विचारलं तर बाई हसल्या. चाळिशीच्या असतील, कुडाळचं माहेर, गल्ला आणि गिऱ्हाईक दोन्ही एकट्या सांभाळतात. म्हणाल्या, “काकू, पाटी सासऱ्यांच्या काळातली. लेबलवरून काढला तो शब्द. माल कुडाळच्या एमआयडीसीतल्या गाळ्यात होतो, भावाकडे. घरात कुठे होतो?”

मला खुर्ची मिळाली असती तर मी तिथेच बसले असते. अन्नपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबद्दल २०१८ साली जे नियम आले, त्यांत ‘होम मेड’, ‘होम कुक्ड’ असले, गिऱ्हाइकाचा गैरसमज करू शकणारे शब्द वापरू नयेत असं लिहिलेलं आहे. हे मला माहीत आहे, कारण त्या वर्षी आमच्या छापखान्यातून आम्ही कितीतरी ‘घरगुती’ उडवले. आणि उडवताना प्रत्येक गिऱ्हाइकाने एकच रड लावली होती: “अहो मॅडम, माल त्याच शब्दावर खपतो.” खरंच होतं ते. दादर-गिरगाव-पार्ल्यात ‘घरगुती’ हा शब्द किमतीपेक्षा मोठा छापायचा रिवाज होता, अजून आहे. इथे एक बाई तो शब्द सोडून देऊन माल विकत होती. मी चारही प्रकारची एकेक बाटली घेतली, पन्ह्याच्या मात्र चार.

आता कोकम. खरं तर मला लिहायचंय ते कोकमाबद्दलच, बाकीची तीन आपली सोबतीला.

बाटली ७०० मिलीची, काचेची. किंमत २१० रुपये, सर्व करांसह. त्याखाली प्रति मिली ३० पैसे असंही छापलंय. हा मिलीचा भाव छापणं आता सक्तीचं आहे, पण बरेच जण तो असा छापतात की भिंगाशिवाय दिसू नये. इथे चष्म्याने दिसतो. घटक पुढीलप्रमाणे: साखर, कोकमाचा रस (३२%), पाणी, मीठ, जिरं, परिरक्षक आयएनएस २११. संपलं. एवढीच यादी. (आयएनएस म्हणजे अन्नात घातलेल्या परिरक्षक, रंग वगैरेंना दिलेला ठरावीक आकडा.)

ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. ज्याचं वजन जास्त ते आधी. त्यामुळे प्रामाणिकपणे लेबल छापणाऱ्या प्रत्येक सरबतवाल्याच्या यादीत पहिला शब्द ‘साखर’ असतो, आणि गिऱ्हाईक तिथेच थबकतं. मी उभी असताना एका मुलीने बाटली वाचली, “शी, शुगर फर्स्ट आहे” म्हणाली आणि ठेवून दिली. मग शेजारच्या टपरीवर जाऊन ऊसाचा रस प्यायली. बाईंनी काही म्हटलं नाही, बाटली परत रांगेत सरळ लावली.

पण साखर पहिली असणारच. आपल्याकडच्या नियमात फळाचं सरबत म्हणजे सिरप म्हणवून घ्यायचं असेल तर त्यात निदान २५ टक्के फळाचा रस लागतो आणि विरघळलेले घनपदार्थ, म्हणजे मुख्यतः साखरच, निदान ६५ टक्के. स्क्वॉशला तेच ४० टक्के, क्रशला ५५, कॉर्डियलला ३०. रसाची अट चौघांना सारखी. स्क्वॉशमध्ये गर चालतो, कॉर्डियल म्हणजे गाळून नितळ केलेलं. मुंबईत कॉर्डियल हा शब्द लिंबाच्या बाटलीपलीकडे फारसा गेला नाही. एकदा आमच्याकडे ‘लाइम ज्यूस कार्डियाक’ असं प्रूफ आलं होतं. मी पकडलं म्हणून वाचलो, नाहीतर दहा हजार लेबलांवर हृदयरोग छापून गेला असता.

म्हणजे ३२ टक्के रस हा नियमापेक्षा सात टक्के जास्त आहे. तो खरा असेल का, हे मी घरी तपासू शकत नाही. पण रंगाचं तपासू शकते. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या केमिस्टने शिकवलेली युक्ती: बशीत चमचाभर सरबत, त्यावर चिमूटभर खायचा सोडा. कोकमाचा स्वतःचा लाल रंग आंबटपणावर टिकून असतो, सोडा पडला की तो जांभळट, निळसर, मग मळकट हिरवट होतो. वरून घातलेल्या कृत्रिम रंगाचं तसं होत नाही, तो लालच्या लाल राहतो. दादरच्या बाटलीने माझ्या बशीत झकास रंग बदलला. मग हौसेने मी आमच्या स्टेशनाबाहेर मिळणारं, नाव-गाव नसलेल्या कॅनमधलं सरबतही तपासलं. फेस आला, रंग जागचा हलला नाही. ठरवून दिलेल्या प्रमाणात कृत्रिम रंग घालायला कायद्याची हरकत नाही, लेबलवर सांगावं लागतं एवढंच. १२२, १२४ हे लाल रंगांचे आकडे. कॅनवर मुळात लेबलच नव्हतं, तर सांगणार कुठे.

चव. बाटलीवर लिहिलंय एकास चार. मी ४० मिली सरबतात १६० मिली थंड पाणी घातलं, बर्फ नाही. पहिला घोट गोडच लागतो. मग आंबटपणा येतो, पण जिभेच्या शेंड्यावर नाही, मागे, घशाच्या तोंडाशी. आणि तो रेंगाळतो. स्वस्तातल्या कोकम सरबतात आंबटपणा लिंबूसत्त्वाचा असतो, म्हणजे आयएनएस ३३०. तो चटकन येतो आणि चटकन जातो, भाड्याने आणलेल्या वऱ्हाडासारखा. या बाटलीत ३३० नाहीच, कोकमाला त्याची गरजही नाही. शेवटी किंचित तुरटपणा राहतो, साल चावल्यावर राहतो तसा. जिरं भाजलेलं आहे, पण भरड, तळाला बसतं. मीठ मला एक कणी कमी वाटलं, नवऱ्याला बरोबर वाटलं. त्याला सगळंच बरोबर वाटतं.

हिशेब: बाटलीत साधारण १७ ग्लास, म्हणजे ग्लासाला १२ रुपये. आणि साखरेचाही हिशेब सांगते, कारण बाटली तो सांगत नाही. ६५ टक्क्यांचा पाक जड असतो, ४० मिलीचं वजन साधारण ५३ ग्रॅम भरतं, त्यात साखर ३४ ग्रॅमच्या आसपास. चहाचे जवळजवळ सात चमचे. एका ग्लासात. नवऱ्याला मधुमेह आहे. त्याला मी अर्धा चमचा सरबत, वर आमसुलाचं पाणी आणि मीठ असं काहीतरी करून देते आणि त्याला कोकमच म्हणते.

“मग साखर कमी करा ना,” असं मीही बाईंना म्हटलं. त्यावर त्यांनी काउंटरखालून पेनाएवढी जाड नळी काढली. रिफ्रॅक्टोमीटर, साखर मोजायचा. भाऊ प्रत्येक बॅचला वापरतो, एक त्यांनी दुकानात ठेवलाय. काचेवर सरबताचा थेंब टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून आत बघायचं. आत मोजपट्टी दिसते, वर निळं, खाली पांढरं, आणि दोघांमधली रेघ ज्या आकड्यावर असेल तेवढे ब्रिक्स, म्हणजे साधारण तेवढे टक्के साखर. मी पाहिलं, रेघ ६६ वर होती. बाई म्हणाल्या, “ही रेघ खाली आली की बाटली जिवंत होते, काकू.”

हे मला समजावून सांगायची गरजच नव्हती. माझ्या स्वयंपाकघराच्या छतावर ते लिहिलेलं आहे.

माझी थोरली जाऊ राजापूरला असते. दर मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकले, की फोडून, बिया काढून, सालींत साखर भरून बरणीत थर लावते आणि उन्हात ठेवते. आठ-दहा दिवसांत साखर सालींतलं सगळं पाणी ओढून घेते, रस सुटतो, तेच अमृत कोकम. पाऊस पडायच्या आत हे सगळं उरकावं लागतं, भिजलेला रातांबा कशाच्याच कामाचा नाही. हे अमृत कोकम मिनरल वॉटरच्या जुन्या बाटल्यांत भरून कोकणकन्येने आमच्याकडे येतं. लेबल नाही, तारीख नाही, नंबर नाही. झाकणावर बॉलपेनने ‘को’ लिहिलेलं, कारण आगळाची बाटली तशीच दिसते. (आगळ मिठातलं असतं, सोलकढीचं. एका वर्षी धाकट्या दिराने सरबत समजून अर्धा ग्लास प्यायलं होतं.) याहून घरगुती काही असू शकत नाही.

तर एका वर्षी भावोजींची आणि आमच्या ह्यांची, दोघांचीही साखर वाढली, म्हणून जाऊबाईंनी प्रेमाने साखर निम्मी केली. बाटली मी कपाटावर ठेवली. मे महिना, वरच्या मजल्याची खोली. चौथ्या का पाचव्या रात्री दोन वाजता असा आवाज झाला की शेजारचे दार वाजवायला आले. झाकण पंख्यावर आपटलं होतं. छत, भिंत, पंचांग, गणपतीची तसबीर, सगळीकडे कोकम. साखर कमी म्हणजे आत आंबवणाऱ्या यीस्टला मोकळं रान, ते वायू सोडत राहणार, आणि झाकण घट्ट. छताला नंतर दोन हात रंग मारला, तरी पावसाळ्यात तो डाग गुलाबी होऊन वर येतो. जाऊबाईंना आम्ही कळवलं नाही. सरबत छान झालं होतं म्हणालो.

म्हणून मला ते ६६ फार आवडले.

आयएनएस २११ बद्दलही विचारलं. म्हणजे सोडियम बेंझोएट. मर्यादा लाखात ६० भाग, बेंझोइक आम्लाच्या हिशेबात. एवढी साखर आणि एवढा आंबटपणा असताना ते कशाला? बाई म्हणाल्या, न उघडलेली बाटली तशीही टिकेल. पण गिऱ्हाईक उघडल्यावर ओला चमचा घालतं, फ्रिजबाहेर ठेवतं, आणि बुरशी आली की ओरडा आमच्या नावाने. आणि २११ च का, लिंबात तर वेगळं दिसतंय? तर लिंबात, कैरीत गंधकवालं परिरक्षक चालतं, आयएनएस २२४. पण ते लाल-जांभळ्या फळांचा रंग उडवतं. कोकम आणि जांभूळ त्याने फिके पडतात. हे उत्तर दुकानाच्या काउंटरवर मिळावं याचं मला कौतुक वाटलं. एरवी ‘नो केमिकल मॅडम’ एवढंच ऐकायला मिळतं.

आता लेबल, कारण तो माझा प्रांत. अन्न परवान्याचे १४ आकडी क्रमांक दोन आहेत, एक बनवणाऱ्याचा, एक विकणाऱ्याचा. दोन्ही ११५ ने सुरू होतात. पहिला १ म्हणजे परवाना, १५ म्हणजे महाराष्ट्र, पुढचे दोन आकडे साल. छोट्या नोंदणीचा क्रमांक असेल तर सुरुवात २ ने होते. दुकानाच्या भिंतीवर त्यांनी पहिल्या वर्षीचं लेबल फ्रेम करून लावलंय, त्यावर २१५ आहे. तेव्हा उलाढाल १२ लाखांच्या आत होती, वर्षाला १०० रुपये फी भरून नोंदणी व्हायची. बाईंना त्या २ चा १ झाल्याचा केवढा अभिमान, आणि त्या फ्रेमकडे बघून आजवर ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं म्हणे. २०११ मध्ये फळांच्या मालावरचा जुना एफपीओचा सरकारी शिक्का जाऊन हे १४ आकडे आले, तेव्हा आमच्याकडे तीन महिने रात्रपाळी होती. प्रत्येक आकडा मी दोनदा मोठ्याने वाचायचे. तेरा आकडे छापले गेले तर अख्खा लॉट रद्दीत.

मराठीसाठी त्यांना जास्तीचा एक मार्क. कायद्याने लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवं, मराठी ऐच्छिक आहे. यांनी घटक इंग्रजीत आणि मराठीत, दोन्हीकडे दिलेत. ‘कोकमाचा रस’ लिहिलंय, ‘कोकम अर्क’ नाही. ‘हलवून घ्या’ लिहिलंय, ‘वापरण्यापूर्वी चांगले हलवावे’ नाही. कुणीतरी बोलून बघून लिहिलंय.

दोष मात्र आहेत, आणि एक मोठा आहे. तारीख आणि बॅच नंबर काचेवर इंकजेटने मारलेत आणि ते ओल्या हाताने पुसले जातात. फ्रिजमधून चार वेळा बाटली बाहेर काढली, पाचव्यांदा तारीख गायब. घटकांबद्दल एवढी काटेकोर असलेली बाई इथे कशी चुकली कळत नाही. मी सांगितलं, लेबलवरच कोरी चौकट सोडा आणि तिथे मारा, कागद शाई पितो, काच पीत नाही. त्यांनी लिहून घेतलं. दुसरं, झाकणाचे आटे सैल आहेत. बाटली आडवी ठेवली की झिरपते, आणि कोकमाचा डाग कापडावरून जात नाही हे कुडाळच्या माणसाला मी काय सांगणार. पिशवीत उभीच न्या.

पन्हं. २४५ रुपये, तेवढीच बाटली. कैरी उकडलेली आहे, कच्च्या गराची नाही, हे वासावरूनच कळतं. रंग फिका, पिवळट, त्यात केशराचं सोंग नाही. पण दोन तक्रारी. वेलची फार. एवढी की कैरी मागे राहते आणि खीर पुढे येते. आणि प्रमाण. बाटलीवर म्हटलंय ३० मिलीचा एक ग्लास, म्हणजे २३ ग्लास. ३० मिलीत पन्हं होत नाही, पन्ह्याची आठवण होते. मला ४५ मिली लागलं, १५ ग्लास झाले. चार बाटल्यांत ९२ व्हायला हवेत या भरवशावर होते, चाळीस बायकांना दोन-दोन ग्लास. झाले ६०. दुसऱ्या ग्लासाला निम्म्या बायकांना ताक दिलं. कुणी काही म्हटलं नाही, पण तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आंबेडाळीची वाटी घेऊन इतका वेळ पातेल्याकडे बघत बसल्या की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे मी बाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, “पाच बाटल्या घ्या म्हणायला हवं होतं मी.” लेबल चुकलं असं काही म्हणाल्या नाहीत. तेवढ्यापुरता माझा एक मार्क कमी.

लिंबू-आलं, १७५ रुपये. आल्याचा झणका खरा आहे, ठसका लागेल एवढा. बाटली पहिल्यांदा उघडली की ओढलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा वास येतो, तो २२४ चा. मिनिटभर उघडी ठेवा, जातो. लेबलवर यात सल्फाइट असल्याची सूचना ठळक आहे, ती अॅलर्जीच्या यादीतली म्हणून द्यावीच लागते. तीच वाचून अर्धी गिऱ्हाइकं घाबरतात. ज्यांना दमा आहे त्यांनी खरोखर जपून राहावं, काहींना त्याने त्रास होतो. माझ्या नणंदेला मी यातलं दिलं नाही. बाकीच्यांनी बिनधास्त प्यावं. सोडा घालून जास्त चांगलं लागतं.

जांभूळ, ३५० मिलीची लहान बाटली, १४० रुपये. महाग आहे. तुरटपणा पुरेपूर, जीभ जांभळी होते, नातवाने आरशासमोर अर्धा तास घालवला. मागच्या पावसाळ्यातला शेवटचा माल होता, चव जरा दमलेली वाटली. ताज्या बॅचवर पुन्हा बोलेन.

सेवेबद्दल थोडक्यात. व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेतात, माहीम ते परळ घरपोच देतात, बाकी ठिकाणी तुम्ही माणूस पाठवायचा. दुपारी एक ते चार बंद. काचेची रिकामी बाटली परत घेत नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, बाहेरून आलेली बाटली धुऊन परत भरायची तर त्याचा वेगळा व्याप आहे, गाळ्यात तेवढी सोय नाही. पटलं. आता माझ्या खिडकीत त्यातल्या तीन बाटल्यांत मनी प्लँट आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगायचीच राहिली. दुकानात एक गृहस्थ आले होते, पांढरा सदरा, हातात भाजीची पिशवी. बाटली हातात घेऊन त्यांनी विचारलं, “घरगुती आहे ना?” बाई म्हणाल्या, “नाही काका, कुडाळच्या गाळ्यातलं आहे.” ते गृहस्थ बराच वेळ घोटाळले. पाटीकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं. मग म्हणाले, “पण चव घरगुती आहे ना?” बाईंनी कागदी पेल्यात दोन घोट दिले. त्यांनी दोन बाटल्या घेतल्या आणि पिशवीत भाजीवर आडव्या ठेवल्या. मी झाकणाचं सांगेपर्यंत ते रस्ता ओलांडून गेले होते.